गळा नसलेला गायक

मार्क बेर्नेसला गाता येत नव्हतं. हे त्याच्या टीकाकारांचं मत, आणि त्याचं स्वतःचंही फारसं वेगळं नसावं, कारण आपण गायक आहोत असा दावा त्याने कधी केला नाही. आवाजाचा पल्ला लहान, गाण्याचं शिक्षण शून्य, वरच्या सुरांच्या वाटेला तो जायचाच नाही. खर्जाच्या जवळपास, घसा किंचित बसल्यासारखा, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा तो गायचा. आणि तरीही दुसऱ्या महायुद्धावरची जी गाणी रशियात आजही 9 मेला, विजयदिनी, लागतात, त्यांतली कितीतरी त्याच्याच आवाजात लोकांच्या मनात बसली आहेत.

बेर्नेस मुळात सिनेनट. जन्म 1911, मृत्यू 1969. सोव्हिएत काळाबाहेरचं त्याचं आयुष्य म्हणजे फक्त पहिली सहा वर्षं. त्याची गोष्ट सांगताना नुसती चित्रपटांची यादी देऊन भागत नाही. त्या देशात एखादं गाणं लोकांपर्यंत पोचायचं कसं, वाटेत ते कोण अडवायचं, आणि मुख्य म्हणजे दुःखाची किती मात्रा चालवून घेतली जायची, हे कळलं तरच हा माणूस कळतो. म्हणून हा लेख थोडा त्याच्याबद्दल आणि थोडा त्या यंत्रणेबद्दल.

आपल्याकडे सोव्हिएत म्हटलं की एका पिढीला लोकवाङ्मय गृहात मिळणारी स्वस्त आणि देखणी पुस्तकं आठवतात. त्यांची गाणी मात्र इकडे फारशी आलीच नाहीत. गाण्यांची वाहतूक उलट्या दिशेने जास्त झाली. 1954 मध्ये राज कपूरचा 'आवारा' तिकडे लागला आणि रशियन माणूस त्यातली गाणी गुणगुणायला लागला. बेर्नेसचं नाव इथे कोणाला माहीत नसलं तर त्यात नवल नाही.

युक्रेनमधलं नेझिन हे त्याचं जन्मगाव. घर ज्यू, परिस्थिती बेताची, वडील भंगारमालाचा धंदा करायचे. खरं आडनाव नेइमान. तो लहान असतानाच कुटुंब खारकीवला आलं. मुलाने हिशेबनीस व्हावं अशी आईवडिलांची इच्छा होती. मुलाने पंधराव्या वर्षी नाटक पाहिलं आणि हिशेब तिथेच चुकला. पुढे तो खारकीवच्या नाटकात गर्दीतला माणूस म्हणून उभा राहू लागला, आणि 1929 मध्ये, सतराव्या वर्षी, मॉस्कोला निघून गेला. तिथेही माली आणि बोल्शोई या मोठ्या थिएटरांत त्याचं काम गर्दीतच. 'बेर्नेस' हे त्याचं रंगभूमीवरचं नाव.

सिनेमात त्याची खरी ओळख झाली ती 1938 च्या 'बंदूकवाला माणूस' या चित्रपटाने. विषय 1917 ची क्रांती. बेर्नेसच्या वाट्याला आलेला कोस्त्या झिगुल्योव हा तरुण कामगार कथेत नसता तरी कोणाचं काही अडलं नसतं, इतकी ती भूमिका छोटी होती. या माणसाच्या हातात अ‍ॅकॉर्डियन द्यावं आणि तोंडी एखादं गाणं, असं बेर्नेसनेच सुचवलं. वाजवायला तो त्यासाठी मुद्दाम शिकला. पावेल आर्मांद या सिनेमातल्याच माणसाने शब्द आणि चाल दोन्ही करून दिली. 'शहरावर ढग दाटून आले' अशी सुरुवात असलेलं ते गाणं देशभर गेलं, आणि त्याच्या मागोमाग तो कोस्त्याही.

इथे बेर्नेसची पुढची सगळी कामाची पद्धत दिसते. पात्राला संवाद कमी असतील तर गाणं द्या. गाणं म्हणजे कथा थांबवून केलेली करमणूक नव्हे. माणूस जे बोलणार नाही ते त्याच्याकडून काढून घ्यायची ती युक्ती. म्हणूनच त्याला गळा लागत नव्हता. गळ्यावर लक्ष गेलं असतं तर पात्र निसटलं असतं. आपल्याकडे गजाननराव वाटव्यांचं काव्यगायन ज्यांनी ऐकलंय त्यांना हा मुद्दा फार फोडून सांगायला नको. तिथेही चाल ही शब्दांना उभं राहायला दिलेली जागा असायची.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'लढाऊ वैमानिक' या चित्रपटात तो एका वैमानिकाच्या भूमिकेत होता. त्यातल्या गाण्याची चाल निकिता बोगोस्लोव्स्कीची, शब्द दोल्मातोव्स्कीचे. मित्र दूरदेशी उडून चाललाय, लाडकं शहर आता निवांत झोपू शकेल, असा त्याचा भाव. साल 1939. दोन वर्षांनी, जून 1941 मध्ये, जर्मन विमानं त्याच शहरांवर आली. एखाद्या गाण्याचा अर्थ त्याच्या कर्त्यांना न विचारता इतका बदलून जावा, असं फार वेळा होत नाही.

आता 'दोन सैनिक' या चित्रपटाकडे येऊ. इथे जरा थांबायला हवं.

1943. जर्मनांच्या आक्रमणामुळे सोव्हिएत सिनेमाची बरीचशी निर्मिती मध्य आशियात हलवली होती. लिओनिद लुकोव हा दिग्दर्शक ताश्कंदमध्ये एक युद्धपट करत होता. आघाडी लेनिनग्राडची, पण चित्रीकरण उझबेकिस्तानात. दोन मित्र. एक उरलचा, धिप्पाड आणि अबोल साशा. तो बोरिस आंद्रेयेव या नटाने केला. दुसरा ओडेसाचा बोलघेवडा अर्कादी झ्युबिन. तो बेर्नेस. ओडेसाची बोली म्हणजे रशियनमधलं एक वेगळंच प्रकरण. तिला स्वतःची लकब आहे, विनोद आहे. बेर्नेस काही तिथला नव्हता. तो ताश्कंदच्या लष्करी इस्पितळात जखमी ओडेसाकरांच्या खाटांपाशी बसून ती बोली कानात साठवत राहिला. ओडेसा त्या वेळी शत्रूच्या ताब्यात होतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या बोलीतल्या थट्टेला काय वजन आलं असेल ते कळतं. चित्रपट आल्यावर ओडेसाच्या लोकांनी त्याला आपलाच मानला, तो कायमचा.

चित्रपटात एक प्रसंग आहे. खंदकातली खोली, छतातून पाणी गळतंय, सैनिक रात्री बसलेत, कोणीतरी घरी पत्र लिहितोय. हा प्रसंग काही केल्या जमत नव्हता. बोगोस्लोव्स्कीने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे लुकोव एका संध्याकाळी त्याच्याकडे आला आणि म्हणाला की इथे गाणं असल्याशिवाय हे उभंच राहत नाही. बोगोस्लोव्स्की पियानोशी बसला आणि चाल जवळजवळ थेट वाजवत गेला. मग व्लादिमीर अगातोव या कवीला बोलावलं. त्याने तिथेच बसून शब्द लिहिले. एरवी एकेक गाणं घोटायला आठवडे घेणाऱ्या बेर्नेसने हे गाणं लगेच उचललं आणि त्याच रात्री त्याचं ध्वनिमुद्रण झालं.

हेच ते 'काळोखी रात्र', रशियनमध्ये 'त्योम्नाया नोच'. माळरानावर गोळ्या शिट्या घालतायत, तारांमध्ये वारा घुमतोय, चांदण्या मिणमिणतायत, आणि दूर कुठेतरी बायको बाळाच्या पाळण्याशी जागी आहे, कोणाला न कळू देता डोळे पुसतेय. ती वाट पाहतेय म्हणून मला काही होणार नाही, असा त्या सैनिकाचा भरवसा. बस, एवढंच.

यात काय नाही ते बघा. स्टालिन नाही. पक्ष नाही. मातृभूमीचा जयघोष नाही. विजयसुद्धा नाही. युद्धाच्या ऐन मध्यात, प्रत्येक शब्द तपासून बाहेर सोडणाऱ्या देशात, एका बाईच्या लपवलेल्या रडण्याबद्दलचं गाणं. आणि म्हणणाराही जणू तिच्यापाशीच बोलत असल्यासारखा, हळू आवाजात. खंदकातले लोक झोपलेत, त्यांना उठवायचं नाही, अशा बेताने.

या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेबद्दल एक आख्यायिका आहे. त्या काळी आवाज मेणाच्या मऊ तबकडीवर कोरला जायचा आणि तिच्यावरून पुढच्या तबकड्यांचा साचा बनायचा. मेणावर जरासा डाग पडला तरी तयार तबकडीत खरखर यायची. पहिल्या खेपेच्या तबकड्यांत अशी खरखर आली. शोध घेतला तर कळलं, काम करणाऱ्या बाईचा अश्रू मेणावर पडला होता. खरं असेल, नसेल. पण ही गोष्ट लोकांनी इतकी वर्षं जपली यावरून त्यांना त्या गाण्यात काय ऐकू येत होतं ते समजतं. 'दोन सैनिक'साठी बेर्नेसला 'लाल तारा' हा लष्करी सन्मान मिळाला.

युद्ध संपलं, आणि गंमत अशी की अडचण तिथून सुरू झाली.

सोव्हिएत संघाची युद्धातली मनुष्यहानी आज सुमारे 2 कोटी 70 लाख मानली जाते. म्हणजे ज्याच्या घरातलं कोणी गेलं नाही असं घर शोधावं लागेल. अशा देशात विजयाचा दिवस हा एकाच वेळी सण आणि सुतकही. सत्तेला त्यातला सण हवा होता. सुतकाचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. खुद्द विजयदिनाचं काय झालं बघा. 9 मेची सुट्टी 1945 मध्ये जाहीर झाली, आणि 1948 पासून रद्द झाली. ती परत आली थेट 1965 मध्ये. मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीशी अज्ञात सैनिकाची समाधी उभी राहिली तीही 1967 मध्ये. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं मेलेल्यांसाठी सार्वजनिकपणे रडायला देशाने जागाच दिली नव्हती.

गाण्यांवर याचा परिणाम कसा व्हायचा, ते दोन उदाहरणांवरून बघू.

पहिलं उदाहरण 1946 चं. याच लुकोवने 'मोठं आयुष्य' नावाचा खाणकामगारांवरचा चित्रपट युद्धाआधी केला होता आणि तो गाजला होता. बेर्नेस त्यात इंजिनियर होता. युद्धानंतर त्याचा दुसरा भाग तयार झाला. खाणी उद्ध्वस्त झाल्यात, माणसं चिखलात राहून त्या पुन्हा उभ्या करतायत, अशी गोष्ट. 4 सप्टेंबर 1946 रोजी पक्षाच्या केंद्रीय समितीने या चित्रपटावर अख्खा ठराव केला. हो, एका चित्रपटावर. त्यात गाण्यांचाही समाचार होता: ही गाणी 'गुत्त्यातल्या उदासपणाने' भरलेली आहेत आणि सोव्हिएत माणसाला परकी आहेत. संगीतकाराचं आणि गीतकारांचं नाव घेऊन. त्यांत 'काळोखी रात्र'वाले बोगोस्लोव्स्की आणि अगातोव दोघंही आले. चित्रपट डब्यात गेला आणि 1958 मध्ये बाहेर आला. त्यात बेर्नेसने गायलेलं 'तीन वर्षं तू स्वप्नात येत होतीस' हे साधं प्रेमगीत होतं. हे गाणं लक्षात ठेवा.

दुसरं उदाहरण याहून बोचरं आहे. 'कत्यूशा' हे रशियन गाणं कदाचित तुम्ही ऐकलं असेल. त्याचे कवी मिखाईल इसाकोव्स्की आणि संगीतकार मात्वेई ब्लांतेर. सरकारदरबारी मान असलेली जोडी. युद्ध संपल्यावर इसाकोव्स्कीने एक कविता लिहिली. सैनिक विजयी होऊन गावी परततो. शत्रूने घर जाळलंय, घरातली सगळी माणसं मारलीयत. तो बायकोच्या थडग्याशी बसतो, पिशवीतून बाटली काढतो, तिच्याशीच बोलत पितो. आणि छातीवर बुडापेस्ट जिंकल्याबद्दल मिळालेलं पदक चमकत असतं. कविता इथेच संपते. सांत्वन नाही, उज्ज्वल भविष्य नाही. ज्याने दुसऱ्यांच्या राजधान्या मोकळ्या केल्या त्याला स्वतःचं घर नाही. ब्लांतेरने चाल दिली, पण हे गाणं फार निराशावादी ठरलं आणि वर्षानुवर्षं अडकून पडलं. कोणी मोठा खटला भरला नाही. नुसतं वाजवायचं नाही, एवढंच.

हे 'नुसतं वाजवायचं नाही' कसं चालायचं? सोव्हिएत संघात गाण्याचा खासगी बाजार नव्हता. ध्वनिमुद्रिका सरकारी, रेडिओ सरकारी, सभागृहं सरकारी. शब्द सेन्सॉरकडून पास व्हायचे, मग कलामंडळ नावाची समिती ऐकायची, मग कुठल्या कार्यक्रमात कोणी काय गायचं हे ठरायचं. कलाकाराच्या प्रत्येक कार्यक्रमाचा दरही ठरलेला, त्याच्या श्रेणीनुसार. या साखळीतल्या एकाने मान हलवली नाही की गाणं जिथल्या तिथे राहायचं. नकार द्यायला कोणाला लेखी काही द्यावं लागायचं नाही. यातून त्यातल्या त्यात रुंद वाट होती ती सिनेमाची. चित्रपट मंजूर झाला की त्यातलं गाणं त्याच्याबरोबर हजारो गावांत जायचं, आणि एकदा लोकांच्या ओठांवर बसलेलं गाणं परत कसं घेणार? बेर्नेसची लोकप्रियता याच दाराने आली.

पन्नाशीच्या दशकात मात्र त्याने दुसरं दार ठोठवायला सुरुवात केली. चित्रपटांतल्या भूमिका मिळत होत्या. 1951 मध्ये स्टालिन पारितोषिकही मिळालं. पण त्याचं मन गाण्यांकडे वळलं होतं. त्याने जे काम सुरू केलं त्याला तिथे नाव नव्हतं. तो गाण्यांचा संपादक झाला. मासिकांत, वर्तमानपत्रांत कविता वाचायच्या, एखादी मनात भरली की कवीला फोन करायचा, ही दोन कडवी काढ, हा शब्द बदल म्हणून त्याच्या मागे लागायचं, मग संगीतकार शोधायचा, त्याची चाल नाही पटली तर दुसरी मागायची. कवी आणि संगीतकारांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत त्याच्या चिकटपणाबद्दल प्रेम आणि वैताग सारख्याच प्रमाणात सापडतो. वान्शेंकिनची कविता आणि कोल्मानोव्स्कीची चाल असलेलं 'जीवना, माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे 1956 चं गाणं असंच त्याने घडवून घेतलेलं. शीर्षक ऐकून ते घोषणेसारखं वाटतं. बेर्नेस ते कामावरून दमून घरी निघालेल्या माणसासारखं म्हणतो, म्हणून ते टिकलं.

ते 1956 साल त्याच्यासाठी अवघड होतं. त्याची पहिली बायको कर्करोगाने गेली, आणि मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. त्याच वर्षाच्या शेवटी फ्रेंच गायक-नट इव्ह मोंताँ सोव्हिएत दौऱ्यावर आला. बेर्नेसने त्याच्याबद्दल 'दूरचा मित्र गातो तेव्हा' हे गाणं म्हटलं होतं. दोघांची जात एकच: गळ्याऐवजी चेहऱ्याने गाणारे.

आणि मग 1958.

त्या वर्षी 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा' या युवक संघटनेच्या वर्तमानपत्रात 'व्होल्गातला तारा' या अर्थाच्या शीर्षकाचा लेख आला. व्होल्गा म्हणजे नदी नव्हे, त्या नावाची मोटार. खासगी मोटार असणं हीच तेव्हा तिथे मिरवण्याची गोष्ट. आरोप काय, तर बेर्नेसने रस्त्यावर वाहतूक पोलिसाला जुमानलं नाही. मराठी वाचकाला वाटेल, एवढंच ना? दंड भर आणि सूट. पण सोव्हिएत वर्तमानपत्रातला अशा प्रकारचा उपरोधिक लेख, ज्याला ते 'फेलेतोन' म्हणायचे, तो नुसता विनोद नसायचा. तो इशारा असायचा, वरच्या मजल्यावरून खालच्या सगळ्या मजल्यांना. आज छापून आलं की उद्या सभागृहाच्या व्यवस्थापकाला तारीख सापडेनाशी होते, परवा रेडिओवाल्याला तबकडी. त्याच सुमारास पक्षाच्या मुख्य पत्रात, 'प्राव्दा'त, गिओर्गी स्विरिदोव या मोठ्या संगीतकाराचा संगीतातल्या सवंगपणाविरुद्ध लेख आला. त्यातही बेर्नेसचं कुजबुजतं गाणं निशाण्यावर होतं. एका बाजूने चारित्र्य, दुसऱ्या बाजूने कला, अशी दुहेरी फटकेबाजी.

यामागे देशाचा तेव्हाचा सर्वोच्च नेता ख्रुश्चेव होता असं सांगतात. एका मोठ्या समारंभात बेर्नेसला दोन गाणी नेमून दिली होती. लोक आणखी मागत होते, पण कार्यक्रम ठरलेला म्हणून तो दोन म्हणून निघून गेला, आणि वर बसलेल्यांना तो माज वाटला, अशी ती गोष्ट. ती शब्दशः खरी धरायचं कारण नाही. लोकांना ती खरी वाटत होती, ही मात्र त्या व्यवस्थेबद्दलची माहिती आहे. स्विरिदोवबद्दल माझं मत असं की तो भाडोत्री नव्हता. अभिजात संगीतात वाढलेल्या माणसाला ध्वनिवर्धकाशी पुटपुटणारा नट खरोखरच खटकला असणार. फक्त 'प्राव्दा'त व्यक्त केलेली नावड ही नावड राहत नाही, हेही त्याला माहीत नसेल असं नाही.

काही काळ बेर्नेसची मोठी व्यासपीठं, ध्वनिमुद्रणं, सिनेमे बंद पडले. आणि या माणसाने परतताना काय निवडलं? सुरक्षित असं काहीतरी, असा कोणाचाही अंदाज. त्याने निवडलं ते बुडापेस्टचं पदक. 1960 मध्ये मॉस्कोच्या लुझनिकी क्रीडासंकुलात, हजारो लोकांच्या हलक्याफुलक्या कार्यक्रमात, त्याने इसाकोव्स्कीचं ते चौदा-पंधरा वर्षं अडलेलं गाणं म्हटलं. सांगतात, की आधी सभागृहात गाणं चाललंय याचा पत्ताच नव्हता, मग शांतता पसरली, आणि शेवटी लोक उभे राहिले. त्यानंतर ते गाणं अडवणं कोणाला जमलं नाही. बंदीचा कागदच नव्हता, तर ती उठवल्याचा कागद तरी कुठून असणार?

1961 मध्ये येव्हगेनी येव्तुशेंको या तरुण, बंडखोर म्हणून प्रसिद्ध असलेल्या कवीने त्याच्यासाठी 'रशियनांना युद्ध हवंय का' हे गाणं लिहिलं. चाल पुन्हा कोल्मानोव्स्कीची. उत्तर द्यायचं तर नांगरलेल्या शेतांवरच्या शांततेला विचारा, बर्च झाडांखाली झोपलेल्या सैनिकांना विचारा, असं ते गाणं. येव्तुशेंकोने पुढे सांगितलंय की लष्कराच्या राजकीय खात्याला हे गाणं सैनिकांचं मनोबल खचवणारं वाटलं होतं. नंतर हेच गाणं सोव्हिएत सरकारने शांततेच्या प्रचारासाठी परदेशांत भाषांतरं करून वाटलं. आधी खचवणारं, मग उपयोगाचं. गाण्यातला एक शब्दही बदलला नव्हता. आज ते ऐकताना, विशेषतः बेर्नेसचं युक्रेनमधलं नेझिन आणि त्याचं खारकीव आठवून ऐकताना, त्या शीर्षकातला प्रश्न घशात अडकतो.

शेवटच्या गाण्याचा प्रवास हिरोशिमापासून सुरू होतो.

रसूल गमझातोव हा दागेस्तानचा कवी. काॅकेशसच्या डोंगरात बोलल्या जाणाऱ्या अवार भाषेत लिहिणारा. त्याचे दोन मोठे भाऊ युद्धात गेले होते. 1965 मध्ये तो हिरोशिमाला गेला. तिथे सादाको सासाकी या मुलीचं स्मारक आहे. अणुबाँबच्या किरणोत्सर्गाने आजारी पडलेली आणि बरं होण्याच्या आशेने कागदाचे करकोचे घडवत राहिलेली ती मुलगी. तिथे असतानाच त्याला आई गेल्याची बातमी मिळाली. या सगळ्यातून कविता झाली: रणांगणावरून न परतलेले लोक मातीत गेलेच नाहीत, ते पांढरे करकोचे झाले.

करकोचा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. मध्य आशिया, मंगोलियाकडून हिवाळ्यात येणारे त्याच कुळातले पक्षी उजनीच्या जलाशयाकाठी उतरतात. बाणाच्या टोकासारखी रांग आणि उंचावरून येणारा कर्कश, लांबचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला गमझातोवला काय सुचलं असेल ते सांगावं लागणार नाही.

नाउम ग्रेब्न्योव याने केलेला रशियन अनुवाद 1968 मध्ये 'नोव्ही मीर' या मासिकात आला. बेर्नेसने तो वाचला आणि लगेच अनुवादकाला फोन केला. मग त्याची नेहमीची कात्री. मूळ अनुवादात 'जिगीत' हा शब्द होता, म्हणजे काॅकेशसचे शूर घोडेस्वार. बेर्नेसने तिथे 'सैनिक' करून घेतलं. करकोच्यांचं ओरडणं अवार भाषेसारखं वाटतं, अशा अर्थाचं एक सुंदर कडवंही काढलं. यात काही हरवलं, हे मान्य करायला हवं. अवार वाचकाला ते कडवं म्हणजे कवितेचं नाळेशी असलेलं नातं वाटत असेल. पण बेर्नेसचा हिशेब वेगळा होता. जिगीत म्हटलं की मेलेला माणूस दागेस्तानचा होतो, सैनिक म्हटलं की तो ऐकणाऱ्याच्या घरातला होतो. गमझातोवची या बदलांना हरकत नव्हती.

चालीसाठी त्याने यान फ्रेंकेलला गाठलं. फ्रेंकेलला बरेच दिवस काही सुचेना. शेवटी शब्दांच्या आधी येणारा नुसता स्वरांचा आलाप सुचला आणि मग पुढचं गाणं वाहत आलं. ते पहिल्यांदा ऐकून बेर्नेस रडला, असं फ्रेंकेलने सांगितलंय.

तोवर बेर्नेसला फुप्फुसाच्या कर्करोगाने धरलं होतं. चालणं अवघड झालं होतं. 8 जुलै 1969 रोजी तो ध्वनिमुद्रणाला गेला आणि 'करकोचे' एका दमात, एकाच खेपेत गाऊन आला. ते ध्वनिमुद्रण ऐका. कुठेही हुंदका नाही, आवाज थरथरवणं नाही. गाण्यात एक ओळ येते: त्या उडत्या रांगेत एक छोटीशी मोकळी जागा दिसते, ती कदाचित माझ्यासाठी असेल. दुसऱ्या कुठल्याही गायकाने इथे जोर दिला असता. बेर्नेस ती ओळ जाता जाता सांगतो. बसच्या रांगेतली आपली जागा दाखवावी तशी.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट 1969 मध्ये, तो गेला. वय 57. मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत त्याची कबर आहे. गाणं मात्र सोव्हिएत संघभर पसरलं. त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी उभ्या राहिलेल्या युद्धस्मारकांवर पंख पसरलेले करकोचे दिसू लागले. 

अंत्यसंस्कारासाठी त्याने एक गोष्ट सांगून ठेवली होती. सोव्हिएत पद्धतीप्रमाणे मोठ्या कलाकाराच्या शवपेटीशी एकामागून एक भाषणं व्हायची. ती नकोत. त्याऐवजी चार गाणी लावा. एक 'करकोचे'. एक 'जीवना, माझं तुझ्यावर प्रेम आहे'. एक 'रोशिनचा रोमान्स' हे प्रेमगीत. आणि चौथं 'तीन वर्षं तू स्वप्नात येत होतीस', केंद्रीय समितीच्या ठरावातल्या त्या गुत्त्यातल्या उदासपणापैकी एक.